वाचकांचे प्रश्न : डेस्कटॉप काढावा की सोबतीला लॅपटॉप घ्यावा?

प्रश्न : मी ठाण्यात नौपाड्याला राहते आणि गेली अठरा वर्षे घरूनच मराठी अक्षरजुळणीची व मुद्रितशोधनाची कामे करते. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल आणि पावसाळ्यानंतर दिवाळी अंकांचा मजकूर, असे कामाचे स्वरूप आहे. 2014 साली जुळवून घेतलेला डेस्कटॉप अजून चालतो. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, 4 जीबी रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज 10 असे त्याचे तपशील आहेत. अलीकडे तो सुरू व्हायलाच सात-आठ मिनिटे लागतात. शिवाय रोज सकाळी तो मागची कुठली तरी तारीख दाखवतो आणि बँकेची साइट उघडत नाही. माझे मराठीचे जुने सॉफ्टवेअर डोंगल, म्हणजे संगणकाला जोडायची परवान्याची छोटी किल्ली, लावल्याशिवाय चालत नाही. मुलगा यंदा कोपरखैरण्याला इंजिनिअरिंगला लागला आहे आणि त्यालाही लॅपटॉप हवा आहे. माझी तयारी 55 हजारांपर्यंत खर्च करण्याची आहे. डेस्कटॉप मोडीत काढून दोघांत मिळून एक लॅपटॉप घ्यावा का? दुकानदार म्हणतो, ‘आय-फाइव्ह घ्या, बाकी काही बघू नका.’

उत्तर : आपल्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्रोसेसर नसून घराचे वेळापत्रक आहे. मुलगा सकाळी ठाणे–वाशी लोकलने निघून संध्याकाळी परतणार, आणि नेमक्या त्याच वेळात आपले काम चालणार. दोघांत मिळून घेतलेला लॅपटॉप आठवड्याचे पाच-सहा दिवस आपल्या हाती रात्रीच येईल. त्यामुळे लॅपटॉप जरूर घ्यावा, पण तो मुख्यतः मुलासाठी आहे असे धरून घ्यावा, आणि त्या पैशांतले थोडे बाजूला काढून डेस्कटॉप धडधाकट करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

डेस्कटॉपच्या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत आणि दोन्ही घरगुती म्हणाव्यात इतक्या साध्या आहेत. तारीख मागे जाते, कारण मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला आहे. त्यावर सीआर 2032 असे कोरलेले असते आणि घड्याळाच्या कोणत्याही दुकानात तो मिळतो. संगणक बंद असताना आतले घड्याळ या सेलवर चालते. तो संपला की संगणक सकाळी एखादी जुनीच तारीख धरून बसतो. बँकेच्या साइटला जे सुरक्षा प्रमाणपत्र असते, त्याला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. संगणकाच्या हिशेबी ती मुदत सुरूच झालेली नसते, म्हणून ब्राउझर साइट उघडू देत नाही. मुख्य वायर काढून, बाजूचे झाकण उघडून, सेल बदलायला पाच मिनिटेही लागत नाहीत. झाकण उघडलेच आहे तर प्रोसेसरवरच्या पंख्यात साचलेली धूळ मऊ ब्रशने काढून घ्यावी. आपल्याकडे रस्त्यांची आणि मेट्रोची कामे वर्षानुवर्षे चालू असल्यामुळे, दहा वर्षांत न उघडलेल्या यंत्रात त्या धुळीची अक्षरशः गादी तयार झालेली असते.

सुरू व्हायला लागणाऱ्या वेळाचा दोष हार्ड डिस्कचा आहे. तिच्यात तबकडी फिरते आणि एक सुई जागा शोधत पुढेमागे सरकते. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली वाचाव्या लागतात, त्यामुळे वेळ वाचण्यात कमी आणि सुई हलवण्यात जास्त जातो. एकाच वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे दाबून टास्क मॅनेजर उघडावा. डिस्कच्या रकान्यात कितीतरी वेळ 100 टक्के दिसत राहिले, तर निदान पक्के समजावे. तिच्या जागी 240 किंवा 256 जीबीची साटा जोडणीची एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, बसवून घ्यावी, आणि आपल्या बोर्डवर चालणारी डीडीआर-थ्री रॅम आणखी 4 जीबी घालून ती 8 जीबी करावी. ही रॅम आता नवी सहसा मिळत नाही, पण ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर वापरलेली आणि तपासलेली मिळते. एवढ्या दोन बदलांनी सात-आठ मिनिटांचे काम मिनिटाभराच्या आत होते.

येथे एक काळजी मात्र अवश्य घ्यावी. तंत्रज्ञ ‘विंडोज नवीन टाकून देतो’ म्हणाला तर त्याला नकार द्यावा आणि जुन्या डिस्कचे क्लोन, म्हणजे जशीच्या तशी प्रत, नव्या एसएसडीवर करून मागावी. आपले डोंगलचे सॉफ्टवेअर, त्याचे ड्रायव्हर आणि वर्षानुवर्षे जमवलेले फॉन्ट आज एकत्र नांदत आहेत. नव्या विंडोजवर तो संसार पुन्हा मांडायला मूळ सीडी आणि परवान्याचा क्रमांक लागेल, आणि बहुतेक घरांत ती सीडी सापडत नाही. क्लोन करण्यापूर्वी साऱ्या कामाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. त्यानंतर जुनी हार्ड डिस्क न पुसता, कागदात गुंडाळून कपाटात ठेवावी.

डेस्कटॉप असा सुधारला तरी त्याच्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत. मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला आहे. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षा दुरुस्त्यांची जादा मुदत 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची जाहीर झालेली आहे. विंडोज 11 ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप लागते, त्यामुळे आपला चौथ्या पिढीचा आय-थ्री त्यात बसत नाही. आडमार्गाने विंडोज 11 टाकून देणारे आहेत, पण ज्या यंत्रावर आपली रोजीरोटी चालते त्यावर तसले प्रयोग करू नयेत. डेस्कटॉपवर अक्षरजुळणी करावी, फायलींची ने-आण पेन ड्राइव्हने करावी, आणि बँक, ईमेल व कर भरणे हे रात्री लॅपटॉपवर करावे, ही विभागणी मला सर्वांत सुरक्षित वाटते.

आता लॅपटॉपविषयी. ‘आय-फाइव्ह’ या दोन शब्दांवरून काहीच ठरत नाही, कारण दहा वर्षांपूर्वीचा आय-फाइव्हही आय-फाइव्हच होता. पाहायचे ते त्यापुढचे आकडे. एएमडीच्या प्रोसेसरमध्ये तर अनुभवी माणूसही फसतो. रायझन 7520यू आणि 7530यू ही नावे कानाला सख्ख्या भावंडांसारखी वाटतात. पण तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी सांगतो. 7520यू हा झेन 2 या 2019 साली बाजारात आलेल्या रचनेवरचा आहे, तर 7530यू त्यानंतरच्या झेन 3 वरचा. इंटेलमध्ये बाराव्या किंवा तेराव्या पिढीचा आय-थ्री वा आय-फाइव्ह मुलाच्या प्रोग्रॅमिंगला आणि आपल्या कामाला व्यवस्थित पुरतो. त्यांच्यातला फरक आपल्याला फारसा जाणवणार नाही.

जाणवेल ती रॅम. 8 जीबी आज पुरते आणि मुलाच्या तिसऱ्या वर्षी अपुरी पडेल, म्हणून 16 जीबी घ्यावी, किंवा किमान ती वाढवण्याची सोय असलेला लॅपटॉप घ्यावा. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एक लॅपटॉप घेतला तेव्हा ‘रॅम नंतर कधीही वाढवता येईल’ असे मला काउंटरवर ठामपणे सांगितले गेले. दीड वर्षाने तळाचे झाकण उघडले, तर रॅमचे खाचे कुठेच नव्हते. चिप्स बोर्डवरच डागलेल्या होत्या. ते यंत्र उरलेले आयुष्यभर 4 जीबीवर रडतखडत चालले. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की, तपशिलाच्या पत्रकात एलपीडीडीआर हा शब्द दिसला तर रॅम डागलेली आहे असे समजावे, आणि अन्यथा मोकळा खाचा आहे की नाही हे कंपनीच्या अधिकृत पत्रकात स्वतः वाचावे. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर विसंबू नये.

पडदा दुकानात उभे राहूनच पारखावा. ज्या मॉडेलवर बोट ठेवले आहे त्याचाच मांडलेला नग मागून घ्यावा, पांढरे पान उघडावे आणि झाकण पुढेमागे करावे. कोन बदलताच पांढरा रंग करडा किंवा पिवळट होत असेल तर तो पडदा सोडून द्यावा. आयपीएस या प्रकारच्या पडद्यात हा दोष नसतो. या किमतीतले बरेच पडदे ‘45 टक्के एनटीएससी’ या, कमी रंग दाखवणाऱ्या प्रतीचे असतात आणि त्यांच्यावर लाल रंग विटकरी भासतो. मजकूर तपासायला त्याची अडचण नाही, पण लग्नपत्रिकेचा कुंकवाचा रंग अशा पडद्यावर पाहून ग्राहकाला ‘हाच येईल’ असे सांगू नये. रंगाचा शब्द छापील नमुन्यावरूनच द्यावा.

कळफलकाबाबत एक बारकावा सांगतो, कारण आपण रात्री त्याच्यावर मराठीच लिहिणार. 15.6 इंची लॅपटॉपला बहुधा उजवीकडे आकड्यांचा वेगळा गठ्ठा असतो, त्यामुळे अक्षरांची बटणे पडद्याच्या मध्यापासून डावीकडे सरकतात आणि बसणाऱ्याला खांदे किंचित वळवून बसावे लागते. इन्स्क्रिप्ट या मराठी कळफलकाच्या मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजने उजव्या हाताकडे. तासभर टंकलेखन केले की ही तिरपी बैठक मानेत जाणवते. 14 इंची यंत्रात तो गठ्ठा नसतो, वजनही साधारण दीड किलोच्या आसपास राहते, आणि सकाळच्या गर्दीत पाठीवरची सॅक पोटावर घेऊन उभ्या राहणाऱ्या मुलाला तेवढाच दिलासा. त्यामुळे माझे मत 14 इंचाच्या बाजूने आहे. घरी मोठा पडदा हवा असेल तेव्हा लॅपटॉप डेस्कटॉपच्या मॉनिटरला जोडता येईल. मॉनिटरला निळ्या टोकाची व्हीजीए वायर असेल तर एचडीएमआय ते व्हीजीए असा कन्व्हर्टर लागेल.

डोंगलविषयी शेवटचे. आज नाही तर चार वर्षांनी तो किंवा जुना मदरबोर्ड दगा देईल, आणि मग जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या यंत्रावर अर्थहीन रोमन अक्षरांच्या माळेसारखा दिसेल. तसे दिसण्याचे कारण असे की, त्या फॉन्टमध्ये ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेलाच नसतो. रोमन अक्षराच्या जागेवर फक्त त्याचे चित्र बसवलेले असते. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. दर वर्षी लागणारे अहवालांचे साचे आणि पत्रिकांचे मसुदे यंदाच्या पावसाळ्यात युनिकोडमध्ये आणायला सुरुवात करावी आणि रूपांतरानंतर प्रत्येक पान वाचावे. रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी येथे हमखास गडबड होते, आणि ती आपल्यासारख्या मुद्रितशोधकाच्या नजरेलाच सापडेल.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त आहोत आणि नेरुळला राहतो. डेस्कटॉप बंद पडला आहे. कंपन्यांचे वापरलेले लॅपटॉप निम्म्याहून कमी किमतीत मिळतात, ते घ्यावेत का?

उत्तर : घ्यायला हरकत नाही, मात्र इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर घेऊ नये. कंपन्यांसाठी बनवलेल्या यंत्रांचे कळफलक आणि बिजागऱ्या सहसा टिकाऊ असतात. दुकानात दोन गोष्टी आपल्यासमोर करून घ्याव्यात. पहिली, विंडोज पूर्ण रिसेट करून आपल्याच खात्याने सुरू करून पाहावे. आधीच्या कंपनीची नोंद काढलेली नसेल तर यंत्र त्या कंपनीचा ईमेल मागते आणि तेथेच अडते. दुसरी, विंडोजचा बॅटरी अहवाल काढायला सांगून मूळ क्षमता व आजची क्षमता हे दोन आकडे पाहावेत. आजचा आकडा मूळच्या निम्म्यावर असेल तर नव्या बॅटरीची किंमत भावातून वजा करून मागावी. खाडीजवळच्या दमट हवेत यंत्र महिनोन् महिने बंद कपाटात ठेवू नये, रोज थोडा वेळ तरी चालवावे.

प्रश्न : लॅपटॉप दिवसभर टेबलावर चार्जरला लावूनच वापरला तर बॅटरी खराब होते का? (ऐरोली)

उत्तर : बॅटरी सतत 100 टक्क्यांवर आणि उष्णतेत राहिली तर लवकर थकते. बहुतेक कंपन्यांच्या स्वतःच्या सेटिंग अॅपमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची सोय असते, ती सुरू करावी आणि मग चार्जर लावून खुशाल काम करावे. वीज गेली तरी चालू काम वाया जात नाही, हा डेस्कटॉपवरचा मोठा फायदा आपल्याला मिळतोच. टचपॅड वर उचलला गेलेला दिसला किंवा तळ फुगून यंत्र टेबलावर डुगडुगू लागले, तर बॅटरी फुगली आहे असे समजून ते त्याच क्षणी बंद करावे, चार्जर काढावा आणि सेवा केंद्रात न्यावे. झाकण दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नये.