करमत नाही ना, मॅडम!

तालुक्याच्या गावात समुपदेशन करताना एक वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की समोरचा खुर्चीत टेकायच्या आधीच मला कळतं. "मॅडम, करमत नाही." पोरं पुण्याला, शेत मक्त्याने दिलेलं, नोकरी संपलेली. "समाजसेवा करा म्हणतात लोकं, त्यानं खरंच फरक पडते का?" हा पुढचा प्रश्न.

वरुडकडचे एक काका आठवतात (ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत). एकतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर. पहाटे साडेतीनला जाग येते म्हणाले.

"उठून काय करता?"

"घड्याळ पायतो."

सुरुवातीला मीही चुकलेच. फिरायला जा, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला बसा, असं सांगत राहिले. ते मान डोलवायचे आणि काही करायचे नाहीत. चौथ्या भेटीत, खरं तर कंटाळून, मी मुक्कामी गाडीबद्दल विचारलं. तेव्हा माणूस बोलू लागला. खेड्यात गाडीतच झोपायचं, सहाला निघायचं, पुढच्या फाट्यावर शाळेच्या पोरी दप्तरं घेऊन उभ्या.

"उशीर झाला तर?"

"रस्त्याकडे पायत रायच्या ना बिचाऱ्या." मग बराच वेळ गप्प. चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसत म्हणाले, "आता माही वाट कोनी पायत नाही, मॅडम."

मी तारीख टिपून ठेवली. अशी वाक्यं रोज हाती लागत नाहीत, आणि त्यासाठी आपण गप्प बसायचं असतं, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली. काकांना काम नको होतं, त्यांना वाट पाहणारं कोणीतरी हवं होतं.

व्हिएन्नाचे डॉक्टर आल्फ्रेड अॅडलर (१८७०–१९३७) उदास माणसांना सांगत, रोज कुणा एकाला आनंद कसा देता येईल याचा विचार करा. माझा कल त्यांच्याकडेच आहे. फक्त अनुभवाने मी त्यात वेळेची भर घालते. 'जमेल तेव्हा मदत करीन' याचा उपयोग फारसा होत नाही. ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि आपण नाही गेलो तर ज्यांचं अडेल अशी चार माणसं हवीत. आठवड्यातून दोन तास पुरतात. आपल्याला आधीपासून येतं तेच द्यावं. समितीचं अध्यक्षपद मात्र सुरुवातीला टाळा, गावचं राजकारण झोप परत घालवतं.

आणि झोप-जेवण उडालं असेल, जगू नये असं वाटत असेल, तर सेवेच्या भरवशावर राहू नका. डॉक्टरांना भेटा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे.

काकांच्या गावात पोट्टे पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावायचे. सोळाशे मीटरची वेळ नीट घेणारं कोणी नव्हतं. काका पाचला घड्याळ घेऊन उभे राहू लागले. पहिले आठ दिवस पोरं हसली, नंतर हाक मारायला दारात येऊ लागली.

शेवटच्या भेटीला त्यांनी वही आणली. ड्युटीच्या कागदासारखे आखलेले रकाने, नावापुढे मिनिटं-सेकंद, उशिरा येणाऱ्यापुढे लाल शाईत 'लेट'. एका पानावर तो शेरा त्यांच्याच नावापुढे होता. ५.०४.