शिडावरचं ठिगळ आणि तिथीची पाऊणपट

प्रश्न: जुन्या चित्रांत कोळणी कपाळाशी हात धरून किनाऱ्यावर उभ्या दिसतात. इंजिन नव्हतं, फोन नव्हता, तेव्हा होडी कधी येणार हे घरी कसं कळायचं? आणि नारळी पौर्णिमेपर्यंत थांबायचे कशासाठी? (एक वाचक, सातारा)

उत्तर: चित्रकारांना उभी कोळीण आवडते. आमच्या वेसाव्यात (मुंबईतलं वर्सोवा) तशी उभं राहायला सवड कुणाला होती? माझी आजी होडीची वेळ चुलीपाशी बसून काढायची. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. थोडं मागंपुढं होतं, पण जेवण उरकायला तेवढा अंदाज पुरे. ओहोटीला खाडीचं तोंड उथळ, भरलेली होडी भरतीशिवाय आत येणार कशी?

मग वारा. पहाटेच्या मतलईवर, म्हणजे जमिनीकडून वाहणाऱ्या वाऱ्यावर, होड्या बाहेर पडत, दुपारच्या समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर परतत. दोरीवरचं लुगडं घराच्या दिशेला फडफडू लागलं की आजी पाट्या आणि मीठ काढायची, शेजारच्या पोरींना हाक मारायची. बोंबील टिकत नाहीत, त्याच दिवशी साफ करून वलांडीवर, म्हणजे वाळवायच्या बांबूच्या मांडवावर, चढवावे लागतात.

लांबून सगळी शिडं सारखीच. पण आजोबांच्या शिडाला टोकाजवळ कोऱ्या मांजरपाटाचं चौकोनी ठिगळ होतं, आजीनंच दाभणानं घातलेलं. बाकीचं शीड उन्हापाण्यानं मळलेलं, त्यामुळे ते लख्ख उठून दिसे. होडी पाण्यात किती बसलीय यावरून मासळीचाही अंदाज येई.

वारा पडला तर खलाशी वल्ही मारत बसायचे. त्यात भरती हुकली की पुढच्या भरतीपर्यंत बाहेर नांगर. वारा पडून उशीर झाला तर आजी निवांत झोपायची. वारा पिसाळून उशीर झाला तर नाही.

नारळी पौर्णिमेचं म्हणाल, तर पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा थेट तोंडावर येतो. शिडाच्या होडीला बाहेर पडणंच कठीण, म्हणून त्या वर ओढून झापांनी शाकारायच्या. आता इंजिन आहे, पण १ जून ते ३१ जुलै सरकारी बंदी असते, मुख्यतः माशांच्या विणीच्या हंगामासाठी. पौर्णिमा बहुधा त्यानंतर येते. मग नारळ वाहण्याआधीच होडी काढायची की नाही, यावर आमच्या घरात दर वर्षी दोन तट पडतात.