झोपून न उतरणारा थकवा

सोलापूर

प्रिय पोरी,

सोमवारपासून तू केमोच्या वॉर्डात पेशंटशी बोलायला बसणार. फॉर्ममध्ये 'थकवा : आहे / नाही' असा एक चौकोन असेल. तिथे घाईने टिक करू नकोस, एवढंच लिहायला बसले होते. पण ते एका ओळीत मावेना.

काही वर्षांपूर्वी विडी घरकुलातली, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतली, एक बाई माझ्याकडे यायची. स्तनाचा कॅन्सर, केमो आणि शेक (रेडिएशन) दोन्ही झालेले, रिपोर्ट चांगले, उपचार संपून आठ महिने उलटलेले. एकेकाळी दिवसाला हजार विड्या वळणारी ही बाई मांडीवर सूप घेऊन बसायची, पान कापायला घ्यायची आणि कातरी बोटांत तशीच ठेवून भिंतीला टेकायची. "झोप नाही येत हो मॅडम, अंगातला जीवच जातो." सासू म्हणायची, आजार गेला, आता कसलं सोंग? आणि मी सांगितलं, गूळ-शेंगदाणे खा, आराम करा. तिचं हिमोग्लोबिन ठीक आहे हे कागदावर दिसत असूनही! ती पुन्हा आली नाही. ती रुखरुख अजून जात नाही.

सोंग नव्हतं ते. केमो आणि रेडिएशनने पेशी मरतात, त्यांच्या अवशेषांमुळे प्रतिकारशक्तीच्या पेशी खडबडून जाग्या होतात. एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन (१९८६ साली रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी शोधलेलं) एरवी पेशीच्या केंद्रकाबाहेर बांधलेलं असतं. इशारा मिळाला की ते सुटतं, केंद्रकात शिरतं आणि दाहाची (शरीर आजाराशी लढताना येणाऱ्या सूज-तापाची) जनुकं चालू करतं. मग इंटरल्यूकिन-६, टीएनएफ यांसारखी रसायनं रक्तातून आणि व्हेगस या मज्जातंतूतून मेंदूला खबर देतात : पडून राहा. फ्लूच्या तापात आपलं अंग मोडून येतं ते यामुळेच. ताप उतरला की तो हुकूम सुटतो; काही कॅन्सर पेशंटमध्ये तो वर्षानुवर्षं सुटत नाही. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये स्तनाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या, पण थकवा न गेलेल्या बायकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी पाहिल्या. एनएफ-कप्पा-बी चालू करतं ती जनुकं जास्त जोरात, आणि त्यांना आवर घालणारा कॉर्टिसॉल या संप्रेरकाचा ब्रेक ढिला, असं त्यांना दिसलं.

तो हुकूम का सुटत नसेल, याचा एक धागा मिथायलेशनकडे जातो, म्हणजे जनुकांवर लागणाऱ्या रासायनिक खुणांकडे. ते तुला वर्गात नीट कळलं नव्हतं ना? आपल्या चादरीचा जकार्ड आठव. पुठ्ठ्याच्या कार्डाला जिथे भोक, तिथला धागा उचलला जातो. एखाद्या भोकावर पट्टी चिकटवली तर कार्ड तेच राहतं, नक्षी बदलते. मिथाइलची खूण म्हणजे बहुतेकदा अशी पट्टी. अटलांटातल्या एमरी विद्यापीठाच्या २०१४ च्या अभ्यासात केमो घेतलेल्या बायकांच्या जनुकांवरच्या काही पट्ट्या रेडिएशन संपून सहा महिन्यांनीही निघालेल्या दिसल्या, आणि त्याचा दाहाशी संबंध होता. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे मात्र विसरू नकोस. आणि पेशंटला चुकूनही "तुमची जनुकं बिघडली" म्हणू नकोस. घरी जाऊन ती बाई लेकीकडे भीतीने बघत बसेल.

बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते, म्हणून आपल्या खेड्यापाड्यातल्या बायका निदान आकड्यांत आल्या. थकव्याची नोंद तुमच्या हातून व्हायची आहे. थकवा किती ते शून्य (अजिबात नाही) ते दहा (सगळ्यात जास्त) अशा आकड्यांत विचार. चार किंवा वर असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाल. हिमोग्लोबिन, थायरॉइड, झोप, दुखणं, उदासी हे आधी तपासलं जाऊ दे. कितव्या दिवशी विचारतेस तेही लिही, कारण केमोसोबतच्या स्टिरॉइडमुळे पहिले एक-दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस कोसळतो. दाह कमी करायला म्हणून हळदीच्या गोळ्या कुणी मनाने सुरू केल्या असतील तर तेही डॉक्टरांना कळव.

चालण्याने हा थकवा कमी होतो, याला चांगला पुरावा आहे. नुसतं पडून राहिल्याने तो वाढू शकतो, म्हणजे माझा सल्ला उलटाच होता. पण आपल्या उन्हात "रोज अर्धा तास चाला" म्हणणं सोपं आहे. सकाळी सातच्या आत, गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत, एवढ्यावर सुरू कर. डॉक्टरांना विचारून. आणि जमलं तर सासूलाही जवळ बसवून सांग.

पहिल्या पेशंटला "थकवा आहे का" विचारू नकोस. केस विंचरताना मध्येच हात खाली ठेवावा लागतो का, ते विचार. उत्तर तिच्याच शब्दांत लिहून ठेव, रविवारी येशील तेव्हा वही घेऊन ये.

तुझी,
मॅडम