बायबलच्या इतिहासावर वाद घालायला उतरताना

उमेद छान आहे तुझी, पण आल्या आल्या "बायबल खरं की खोटं" म्हणून दंड थोपटू नकोस. सांगलीत आमच्या कट्ट्यावर त्या प्रश्नाने कित्येक संध्याकाळी वाया गेल्या. एका वेळी एकच दावा घे.

नवशिक्यांच्या दोन चुका ठरलेल्या:

- "निकियाच्या परिषदेत (ख्रिस्ती बिशपांची सभा, इ.स. ३२५) बायबलची पुस्तकं निवडली." नाही. तिथला मुख्य वाद ख्रिस्ताच्या देवत्वाचा. नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाच्या, २७ पुस्तकांची नेमकी यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७च्या पत्रात दिसते.
- "मूळ प्रत नाही, म्हणजे सगळं बनावट." अरे, ज्ञानेश्वरी आठव! ग्रंथ १२९०चा, आणि एकनाथांनी पाठ शुद्ध केला १५८४मध्ये. इथेही पोथ्या ताडूनच कळतं की मार्कच्या शुभवर्तमानाची (नव्या करारातलं येशूचं एक चरित्र) शेवटची बारा वचनं चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन पोथ्यांत नाहीत. मात्र पाठ जुना असणं वेगळं आणि घटना घडलेली असणं वेगळं. यात भले भले गल्लत करतात.

नव्या कराराच्या मूळ ग्रीकच्या वाटेला आत्ता जाऊ नकोस. आधी मार्क मराठीत सलग वाच, दोन-तीन तासांचं काम आहे. मग मिरजेच्या ख्रिस्ती मंडळींशी बोलायला बस, आणि पहिल्या दिवशी जास्त ऐक.