'रुंद प्राप्तकर्ता' म्हणजे नक्की कोण?

सांताक्लाराला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आलाय. मुलगा बारा वर्षांचा, रविवारच्या मराठी शाळेत 'माझा आवडता खेळाडू' असा निबंध दिलेला, त्याने शेजारच्या काकांकडे जुने व्हिडिओ बघून अमेरिकन फुटबॉलमधला जेरी राइस निवडला. राइसची मैदानावरची भूमिका 'वाइड रिसीव्हर', फोनवरच्या भाषांतराने तिचं केलं 'रुंद प्राप्तकर्ता', बाईंनी त्याला लाल गोल केला, आणि पुण्याहून सुट्टीला आलेल्या आजोबांनी 'दूरस्थ ग्राहक' सुचवलं. आता ताई विचारतायत की बरोबर शब्द कुठला, आणि पुढे 'करिअर' लिहायचं की 'कारकीर्द'.

आजोबांची क्षमा मागून सांगतो, दूरस्थ ग्राहक म्हटलं की मला गावाबाहेर राहणारा गॅस सिलिंडरवाला दिसतो. आणि रुंद प्राप्तकर्ता म्हणजे कुरियरच्या पावतीवर सही करणारा जाडा माणूस.

गंमत अशी की 'वाइड' आणि 'रिसीव्हर' हे दोन्ही शब्द मराठीत आधीपासून आहेत, फक्त भलत्याच कामावर. वाइड म्हटलं की आपल्याला अंपायरचे पसरलेले दोन हात दिसतात. रिसीव्हर म्हणजे फोनचा, जो जुन्या मालिकांमध्ये रागाने आपटायचे, नाहीतर कोर्टाने भांडणातल्या मिळकतीवर नेमलेला. त्यामुळे अमेरिकन फुटबॉल न बघणाऱ्या मराठी माणसाला 'वाइड रिसीव्हर' नुसतं ऐकून काही कळणार नाही हे खरंच. पण इथला वाइड माणसाच्या रुंदीबद्दल नाहीच, तो जागेबद्दल आहे. मधे सगळी धिप्पाड मंडळी एकमेकांना भिडायला ओणवी उभी असतात आणि हा त्यांच्यापासून लांब, मैदानाच्या कडेला एकटा उभा राहतो, म्हणून वाइड. म्हणजे आपल्या भाषेत 'कडेचा गडी'. 

आता रिसीव्हर. इथे 'प्राप्त', 'स्वीकार', 'ग्रहण' यातलं काहीही चालत नाही कारण या सगळ्यात माणूस जागेवर बसलेला आहे आणि वस्तू त्याच्याकडे चालत येते. आपल्याकडे नेमकं क्रियापद आहे, झेलणे. झेलण्यात वस्तू हवेत असते, वेगात असते, आणि जमिनीला लागायच्या आत ती पकडायची असते. कोकणात आंबा काढायच्या जाळीच्या काठीला झेला म्हणतात ते उगाच नाही, आंबा खाली आपटला की गेला. आणि कुणी टोमणा मारला तर तो आपण प्राप्त करत नाही, वरच्या वर झेलतो.

राइसच्या बाबतीत तर हे क्रियापद अगदी शब्दशः लागू पडतं. वडील गवंडी, गाव मिसिसिपीतलं क्रॉफर्ड, लहानसं. उन्हाळ्यात ही पोरं वडिलांच्या हाताखाली कामाला, भाऊ खालून विटा फेकायचे आणि जेरी वर परांचीवर उभा राहून एकेक झेलायचा. आपल्याकडे बांधकामावर किंवा ट्रकमधून कलिंगडं उतरवताना जी माणसांची साखळी लागते ती बघा, त्यात कुणी 'वीट प्राप्त केली' म्हणत नाही, म्हणेल तो पायावर पाडून घेईल. त्याच हातांनी पुढे एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या नियमित हंगामांमध्ये १,५४९ झेल घेतले, आजपर्यंत तिथपर्यंत कुणी पोचलेलं नाही.

झेल वरून आठवलं, मराठीत 'झेल सुटला' आणि 'झेल सोडला' यात जो फरक आहे तो या खेळात फार कामाचा आहे. सुटला म्हणजे प्रयत्न केला, नाही राहिला हातात. सोडला म्हणजे दोष तुझा. अमेरिकन फुटबॉलमध्ये पास, म्हणजे सहकाऱ्याकडे फेकलेला चेंडू, पूर्ण झाला नाही की तो नुसता अपूर्ण, पण हातात येऊन निसटला, जो यायलाच हवा होता, तर त्याला 'ड्रॉप' म्हणतात आणि तो रिसीव्हरच्या नावावर लागतो. म्हणजे ड्रॉप हा सोडलेला झेल. १९८५ साली सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत राइसला पहिल्या फेरीत, सोळाव्या क्रमांकावर घेतलं आणि पहिल्याच हंगामात त्याने इतके झेल सोडले की घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. तरी त्या वर्षी ४९ झेल आणि त्यांतून पुढे सरकलेले ९२७ यार्ड झाले होते हेही खरं. निबंधात हा प्रसंग घालाच, आणि 'सोडले'च लिहा, 'सुटले' लिहून त्याला वाचवू नका, त्याने पुढे दोन वर्षांत भरपाई केलीये. १९८७ला खेळाडूंच्या संपामुळे त्याला १२च सामने मिळाले आणि त्यात त्याने पास झेलून २२ टचडाउन केले, म्हणजे २२ वेळा चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेला.

यार्डाचं काय करायचं हे ताईंनी विचारलेलं नाही पण मला राहवत नाही. यार्डाला मराठीत शब्द आहे आणि तो सगळ्यांना माहितीये, वार. नऊवारी साडी म्हणजे नऊ यार्डांचीच. तर राइसने आयुष्यभरात झेल घेऊन कमावले २२,८९५ वार. दुसऱ्या क्रमांकावर लॅरी फिट्झजेराल्ड, १७,४९२, म्हणजे मधे पाच हजारांवर वारांचं अंतर. २२,८९५ला नवाने भागलं तर अडीच हजारांवर नऊवाऱ्या निघतात, आमच्या आजीला हा हिशोब लगेच कळला असता. किलोमीटरमध्ये साधारण २१, अर्ध्या मॅरेथॉनएवढं, फक्त अंगावर कुणीतरी सतत धावून येत असताना. पण निबंधात यार्डच लिहा बरं का. कारण 'राइसने २२,८९५ वार केले' असं वाचलं तर मुलांना वाटेल हा कुणी तलवारबाज होता.

आता माझं मत. 'वाइड रिसीव्हर'ला प्रतिशब्द पाडायचा हट्ट नको. मी स्वतः 'झेलकरी' करून बघितला, टाळकरी वारकरीच्या चालीवर, दोन दिवस खूष होतो, मग लक्षात आलं की झेलकरी म्हटलं की क्रिकेटमधला स्लिपचा फील्डर पण झेलकरीच. शिवाय या माणसाचं निम्मं काम झेलायच्या आधी असतं. ठरलेल्या वाटेने धावायचं, ऐन वेळी पाय रोवून वळायचं, समोरच्याला हूल द्यायची. मराठीत हूल देणे, हुलकावणी देणे, गुंगारा देणे, चकवणे एवढी सगळी क्रियापदं या एकाच कामासाठी तयार बसलीयेत. म्हणून नाव इंग्रजी राहू द्या, काम मराठीत सांगा. क्रिकेटचं आपण तेच केलं, 'यष्टिरक्षक' छापतात पेपरात, बोलताना सगळे विकेटकीपर म्हणतात, पण झेल, धाव, बाद हे मात्र तोंडात बसलंय.

हूल किती मोठी गोष्ट आहे त्याचं उदाहरण, २२ जानेवारी १९८९, मायामी, तेविसावा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, समोर सिनसिनाटी बेंगल्सचा संघ. फोर्टीनाइनर्स तीन पॉइंटनी मागे, चेंडू स्वतःच्या आठ यार्डांच्या रेषेवर, म्हणजे ९२ यार्ड जायचंय आणि घड्याळात तीनेक मिनिटं. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, जो मोंटाना, त्याने त्या धावपळीत राइसकडे तीनदा चेंडू दिला, त्यातला एक २७ यार्डांचा. आणि शेवटचा पास? चेंडू खेळात यायच्या आधी राइस आडवा धावत निघाला, नजरा त्याच्यावर, आणि टचडाउनचा झेल घेतला जॉन टेलरने, ३४ सेकंद शिल्लक असताना. २०-१६. त्या दिवशी ११ झेल आणि २१५ यार्ड करून सामन्याचा मानकरी राइसच ठरला, पण सामना जिंकून देणाऱ्या चेंडूवर या प्राप्तकर्त्याने काहीच प्राप्त केलं नव्हतं.

राहिलं करिअर आणि कारकीर्द. कारकीर्द आपल्याकडे फारसीतून आली आणि मुळात राज्यकर्त्यांची असायची, पेशव्यांची कारकीर्द वगैरे. करिअर हे पुढे बघून बोलतो, 'मला यात करिअर करायचंय'. कारकीर्द मागे वळून बघत. 'मला यात कारकीर्द करायचीये' असं कुणी म्हणत नाही, म्हटलं तर निवडणुकीला उभा राहतोय असं वाटेल. राइस २० हंगाम खेळला, फोर्टीनाइनर्सकडे १६, मग ओकलंड रेडर्स, शेवटी थोडा सिअॅटल, २००५मध्ये डेन्व्हरच्या संघात जागा मिळवायला गेला आणि हंगामातला एकही सामना न खेळताच थांबला, तेव्हा वय ४२. हे सगळं झालेलं आहे, म्हणून त्याची कारकीर्द. तुमच्या मुलाला रिसीव्हर व्हायचं असेल तर ते त्याचं करिअर. 

तर निबंधाचं पहिलं वाक्य साधारण असं होईल: 'जेरी राइस हा वाइड रिसीव्हर होता, म्हणजे मैदानाच्या कडेला उभा राहून, समोरच्याला हूल देऊन, लांबून फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू.' यानंतर सरळ रिसीव्हर लिहा, बाई लाल गोल करणार नाहीत.

आणि शेवट हवा असेल तर हा द्या. २००६ला फोर्टीनाइनर्सनी राइसशी एक दिवसाचा मानाचा करार केला, त्यांचा खेळाडू म्हणून निवृत्त होता यावं म्हणून. रकमेचा आकडा १९,८५,८०६ डॉलर आणि ४९ सेंट, आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिलेत. सुटा करून वाचा: १९८५ला आला, जर्सी ८०, निवृत्ती ०६, संघ फोर्टीनाइनर्स. आकडा नुसता कौतुकाचा होता, यातला एक सेंटही त्याला मिळाला नाही. आजोबांना सांगा, ग्राहक तरी कसा म्हणायचा याला.