समुद्रातल्या पवनचक्क्या आणि व्होल्टेजचा ताबा

प्रश्न : चंद्रपूर–पडघे डीसी लाइन आपल्या विदर्भातूनच निघते. तसाच दुवा समुद्रातल्या पवनचक्क्यांना जोडला तर व्होल्टेजची अडचण का येते?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : कारण तिकडे ग्रिडच नसते. आपली ±५०० केव्हीची लाइन थायरिस्टरवर, म्हणजे बाहेरच्या एसी व्होल्टेजच्या आधारानेच बंद होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर, चालते. तिला दोन्ही टोकांना दमदार एसी व्होल्टेज आयते लागते. समुद्रात ते कुठून आणणार? म्हणून तिथे आयजीबीटीचा (हवे तेव्हा चालू-बंद करता येणाऱ्या स्विचचा) कन्व्हर्टर, म्हणजे एसीचे डीसी करणारे यंत्र, बसवतात. तो स्वतःच व्होल्टेज उभे करतो, पवनचक्क्या त्याच्या तालावर चालतात.

खरी मेख पुढे आहे. किनाऱ्यावरच्या ग्रिडमध्ये फॉल्ट (शॉर्ट सर्किटसारखा बिघाड) झाला की वीज बाहेर पडेना, पण समुद्राकडून येतच राहते. डीसी बाजूचे कपॅसिटर (विजेचा भार साठवणारे भाग) भरत जातात आणि काही मिलिसेकंदांतच डीसी व्होल्टेज धोक्याच्या पातळीकडे झेपावते. त्यावर किनाऱ्यावर चॉपर असतो : मर्यादा ओलांडली की तो जास्तीची वीज रेझिस्टरमध्ये जाळतो. रेझिस्टर लगेच तापतात, त्यामुळे ही सोय थोड्याच वेळेपुरती. फॉल्ट लांबला तर चक्क्या ट्रिप कराव्याच लागतात.

वारा पडला तरी सुटका नाही. ६६ केव्हीच्या समुद्री केबल्स कपॅसिटरसारख्या वागून व्होल्टेज चढवतात; ते शंट रिॲक्टरने (हा चढ शोषून घेणाऱ्या कॉइलने) किंवा कन्व्हर्टरनेच खाली आणायचे. केबल आणि ट्रान्सफॉर्मर यांचा रेझोनन्स जुळला, म्हणजे ठराविक फ्रिक्वेन्सीला व्होल्टेज जोरात डोलू लागले, तर मात्र कन्व्हर्टरचे कंट्रोल सेटिंग तपासावे लागते.