मार्डर ३ चं मॉडेल एअरब्रशशिवाय, नुसत्या ब्रशने रंगवलं तर चालेल का?

चालेल. दुसऱ्या महायुद्धातल्या या जर्मन रणगाडाविरोधी तोफगाडीच्या बाबतीत तर मी म्हणेन की तेच जास्त बरोबर आहे.

तुम्ही लिहिलंय की तामियाचं १/३५ मार्डर ३ 'एम' हे तुमचं पहिलंच जर्मन किट आहे, एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं साधन) नाही, आणि कुणीतरी तुम्हाला सांगितलं की ब्रशने रंगवलं तर ते खेळणं दिसेल. गाडीच्या मूळ रंगाची, म्हणजे डार्क यलोची, नेमकी छटा कुठली हेही विचारलंय. छटेचं शेवटी सांगतो. आधी त्या 'खेळणं' शब्दाबद्दल बोलू द्या, कारण हाच शब्द मी ऐकलाय, आणि ऐकला तेव्हा माझे वडील मागे उभे होते.

आमचे अण्णा कोल्हापुरात साइनबोर्ड पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या नंबरप्लेटा, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, निवडणुकीत चिन्हं. चाळीसेक वर्षं त्यांनी ब्रशवर घर चालवलं. मग फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत पाट्या रंगवून घेणारं गिऱ्हाईक संपलं. मी लहानपणी त्यांच्या हाताखाली डबे ढवळायचो. इनॅमलमध्ये टर्पेंटाइन किती घालायचं हे मला मापाने कधीच शिकवलं नाही. काडी वर उचलायची, थेंब कसा सुटतो ते बघायचं. आजही रंग पातळ करताना मी तेच करतो.

साताठ वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका प्रदर्शनात मी माझा मार्डर ठेवला होता. पाच महिने लागले होते. मार्डर 'एम' वरून उघडा असतो, त्यामुळे तोफेमागचा सगळा कप्पा दिसतो. गोळ्यांचे रॅक, वायरलेस, सगळं जोडायच्या आधी वेगवेगळं रंगवलं होतं. (आतला भाग हस्तिदंती रंगवू नका. तो रंग बंद रणगाड्यांच्या आत. उघड्या गाड्यांना आतूनही बाहेरचाच पिवळा असायचा.) बाहेरच्या पिवळ्यावर हिरवे आणि तपकिरी पट्टे ब्रशने ओढले होते. अण्णांना मुद्दाम सोबत नेलं होतं.

एक ज्येष्ठ गृहस्थ आले. या छंदात त्यांच्या शब्दाला वजन आहे, आणि त्यांची मॉडेलं खरोखर उत्तम असतात, तेही सांगतो. वाकून पाहिलं, बांधणीचं कौतुक केलं आणि म्हणाले, "ब्रशने का रंगवलंत? खेळणं करून टाकलंत. एअरब्रश घ्या, नाहीतर जर्मन गाड्यांच्या वाटेला जाऊ नका." आणि पुढच्या टेबलाकडे गेले. दहा-बारा माणसं होती आजूबाजूला. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी हात मागे बांधले, एवढंच मला दिसलं.

परतीच्या एसटीत कराड येईपर्यंत आम्ही गप्प होतो. मग त्यांनी विचारलं, "खऱ्या गाडीला रंग कुणी लावला हुता?"

मी म्हटलं, कारखान्यात लावला असणार.

"सगळा?"

मला उत्तर आलं नाही. किटमधल्या रंगाच्या तक्त्यापलीकडे मी कधी बघितलंच नव्हतं. घरी आल्यावर बघितलं.

१८ फेब्रुवारी १९४३ च्या हुकुमाने जर्मन लष्कराने गाड्यांचा मूळ रंग गडद करड्यावरून डार्क यलो केला. हिरवा आणि लालसर तपकिरी हे दोन रंग कारखान्यात लावायचे नव्हते. ते घट्ट लगद्याच्या रूपात डब्यांतून तुकड्यांना दिले जायचे. जागेवर जसा प्रदेश असेल तसे ते पातळ करून गाडीच्या लोकांनीच लावायचे. पेट्रोलमध्ये पातळ केला तर रंग धरायचा. पेट्रोल वाचवून पाण्यात केला तर पावसात उतरायचा. कॉम्प्रेसर आणि स्प्रेगन जवळ असेल तर फवारायचे, नसेल तर ब्रश, झाडू, चिंधी, जे हाताशी येईल ते. कारखान्यांनीच तिन्ही रंगांचं काम करून गाडी बाहेर काढायची हा नियम १९४४ च्या ऑगस्टनंतरचा. मार्डर 'एम' प्रागच्या बीएमएम कारखान्यात १९४३ मध्ये सुरू झाला आणि १९४४ चा उन्हाळा लागेपर्यंत त्याचं उत्पादन संपलंही. म्हणजे नियमाप्रमाणे मार्डर 'एम' कारखान्यातून बाहेर पडताना सपाट पिवळा. त्याच्यावरचे पट्टे आघाडीवरच्या चार माणसांच्या हातचे.

ही गाडी मुळातच हातघाईची आहे. १९४१ मध्ये रशियात टी-३४ आणि केव्ही हे रणगाडे समोर आले आणि जर्मनांच्या ३७ मिलिमीटर तोफा निकामी ठरल्या. मोठी तोफ होती, पण ती ओढत नेण्यापेक्षा स्वतः चालणारी हवी होती. मग १९३९ मध्ये चेकोस्लोव्हाकिया गिळल्यावर हाती आलेल्या ३८(टी) रणगाड्याचा सांगाडा घेतला. तो रणगाडा म्हणून जुना झाला होता, पण त्याची चाकं आणि गिअर भरवशाचे होते. पहिल्या मार्डर ३ वर तर पकडलेल्या रशियन ७६.२ मिलिमीटर तोफाच बसवल्या. 'एम' मध्ये इंजिन मधे आणलं, ७५ मिलिमीटरची पाक ४० ही रणगाडाविरोधी तोफ मागे बसवली, भोवती जेमतेम १० मिलिमीटरचा पत्रा उभा केला, छत नाही. आमच्या कोल्हापुरातल्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, एखाद्या जुन्या इंजिनावर नवं काहीतरी बसवताना बघितलं असेल तर या गाडीचा स्वभाव तुम्हाला लगेच कळेल. मला टायगरसारख्या अवजड रणगाड्यापेक्षा मार्डर आवडतो तो यासाठी. लपायचं, दोन गोळे मारायचे आणि निघायचं, एवढंच त्याच्याने होत असे.

हे सगळं वाचून मी अण्णांना सांगायला गेलो. मला वाटलं, आता ते म्हणतील तो माणूस चुकला. त्यांनी मॉडेल टेबललॅम्पखाली घेतलं, फिरवून फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "रेघा दिसत्यात. त्यो मानूस खोटं बोलला न्हाई."

मला राग आला. पण पुढे त्यांनी जे दाखवलं ते कुठल्याही व्हिडिओत मला मिळालं नव्हतं. माझ्या रेघा दिसत होत्या कारण त्या उंच होत्या. रंग घट्ट होता, आणि ओल्या रंगावर मी पुन्हा ब्रश फिरवला होता. शिवाय सगळ्या रेघा एकाच दिशेने, एकाच लांबीच्या. माझं मनगट टेबलावर टेकलेलं होतं, ते तेवढंच फिरत होतं. खऱ्या गाडीशी माणूस उभा असतो. खाली तो वाकून मारतो, वर हात ताणून मारतो, चाकांच्या मागे पोचतच नाही.

नंतर मी हिशोब करून पाहिला. खरा १० सेंटिमीटर रुंदीचा ब्रश १/३५ मध्ये जेमतेम ३ मिलिमीटर होतो. खऱ्या गाडीवर ब्रशच्या केसांनी मिलिमीटरभर खोल चर उठवला तरी मॉडेलवर तो ०.०३ मिलिमीटरही भरत नाही. म्हणजे ब्रशचा पट्टा रंगाने दिसला पाहिजे, बोटाला लागता कामा नये. ज्येष्ठांना खटकलं ते बरोबर खटकलं. उपाय मात्र त्यांनी चुकीचा सांगितला.

आता तुमच्या कामाचं. ३ मिलिमीटरचा चपटा ब्रश घ्या. हिरव्या-तपकिरीसाठी व्हॅलेहोसारखे ब्रशला चालणारे अ‍ॅक्रिलिक वापरा. तामियाचे अ‍ॅक्रिलिक फवारायला उत्तम, पण ब्रशने दुसरा हात देताना ते खालचा हात सोडवतात आणि चिखल होतो. नवशिका इथेच ब्रशला नावं ठेवतो आणि एअरब्रश घ्यायला धावतो. रंग सायीच्या दुधापेक्षा पातळ ठेवा. ब्रश बुडवला की कागदावर एकदा टिपा. एक पट्टा एकदाच ओढा, परत त्याच्यावर जाऊ नका. पहिल्या हाताला खालचा पिवळा दिसेल, दिसू द्या. पूर्ण वाळल्यावर दुसरा हात, तोही सगळीकडे नको. मॉडेल हातात घेऊन रंगवू नका, एखाद्या बाटलीवर चिकटवून उभं करा आणि कोपर उचलून रंगवा. कडा वाकड्या आल्या तर राहू द्या. चाकांमागे, तोफेच्या ढालीच्या सांध्यात रंग पोचला नाही तर मुद्दाम पोचवू नका.

अण्णांनी त्या मार्डरच्या डाव्या बाजूवर मूळ पिवळा पुन्हा चढवायला लावला आणि हिरवे पट्टे स्वतः ओढले. चष्मा कपाळावर ढकलून, श्वास रोखून, अकरा पट्टे. उजवी बाजू माझी. आजही मॉडेल फिरवून दोन्ही बाजू पाहिल्या तर कुठली कुणाची ते ओळखता येतं.

एअरब्रशवाल्यांचं म्हणणं असतं की ब्रशला कडा कडक येते आणि जर्मन गाड्यांच्या कडा मऊ होत्या. कुठल्या गाड्यांच्या? कुठल्या महिन्यात? कुणाच्या हातच्या? हे न विचारता सगळ्या मार्डरवर सारखीच धुरकट नक्षी काढायची आणि तिला अचूक म्हणायचं, हे मला पटत नाही. ब्रश म्हणजे गरिबाचं साधन आणि फवारा म्हणजे कसब, ही समजूत या छंदात कुठून शिरली कळत नाही. पाट्यांच्या धंद्यात हेच झालं. मशीनने केलं ते चोख आणि हाताने केलं ते कच्चं, असं गिऱ्हाईकच बोलायला लागलं. हाताने लिहिलेल्या अक्षराला वळण होतं, हे कुणी मोजलं नाही.

आता ज्या गोष्टी मी आधी सांगायला हव्या होत्या त्या. फवारलेले मार्डर नव्हतेच असं नाही, मऊ कडांचेही भरपूर होते. दुरुस्तीच्या तळावर कॉम्प्रेसर असायचा. तुमच्याकडे एखाद्या विशिष्ट गाडीचा फोटो असेल तर त्यात दिसतं तसं करा, माझं ऐकू नका. दुसरं, मूळ पिवळा मीसुद्धा ब्रशने देत नाही. तामियाचा टीएस-३ हा डार्क यलोचा स्प्रे कॅन वापरतो. तो लॅकर असल्यामुळे त्याच्यावर अ‍ॅक्रिलिकचा ब्रश फिरवला तरी खालचा रंग हलत नाही. एक-दोन दिवस वाळू द्या. कॅन विमानाने पाठवत नाहीत, म्हणून मागवायला वेळ लागतो, आधीच सांगून ठेवा. आणि पावसाळ्यात कॅन किंवा वार्निश फवारू नका. आमच्याकडे जुलैत हवाच इतकी ओली असते की वाळताना पांढरट धुकं धरतं आणि ते मॅट वार्निशवर बसलं की सगळी मेहनत गेली. पावसाळ्यात बांधून घ्या, रंग दसऱ्यानंतर.

तिसरं, माझ्याकडे आता एअरब्रश आहे. यागटपँथर या मोठ्या जर्मन गाडीसाठी घेतला. युद्धाच्या शेवटच्या वर्षातल्या गाड्यांना कारखान्यातच रंगवलेलं असायचं, तिथे हाताच्या ओढीचा मुद्दा उरत नाही. तुम्ही पुढे मोठ्या गाड्या करणार असाल तर घ्या, त्यात काही वावगं नाही. पण मार्डरसाठी म्हणून आज कर्ज काढून कॉम्प्रेसर आणू नका.

डार्क यलोची नेमकी छटा: पिवळाच होता, तुमच्या कॅनमधला चालेल. आरएएल ७०२८ हा जर्मन रंगतक्त्यातला क्रमांक सगळे फेकतात, पण युद्धकाळात रंगद्रव्यं बदलत गेली आणि उन्हात तर एकाच गाडीचे दोन पिवळे होतात. १४ सेंटिमीटरच्या मॉडेलवर थोडा फिकट बरा दिसतो, एवढंच लक्षात ठेवा. यावर ज्यांना वाद घालायचाय त्यांना घालू द्या.

ब्रश मात्र सिंथेटिक घ्या. अण्णांचा अक्षरं काढायचा सेबलचा ब्रश माझ्या टेबलावर आहे, केस अजून एकत्र येतात. त्याला मी अ‍ॅक्रिलिक लावत नाही, मुळाशी सुकलं की केस फाकतात आणि परत जुळत नाहीत. ऑइलच्या वॉशला (खाचांत उतरवायच्या अगदी पातळ रंगाला) तेवढा वापरतो, आणि काम झालं की टर्पेंटाइनमध्ये धुऊन, बोटाने टोक करून, आडवा ठेवतो.